निटुऱ्यांचं भोवंड

गुरुपादप्पा निटुरे रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी दोन कामं करायचे. न्हाणीबाहेरच्या फरशीच्या सांध्यावरून, टाचेला बोट लावत, दहा पावलं सरळ चालायचे. मग आधी डावा आणि नंतर उजवा डोळा हातानं झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरातली तिथी वाचायचे. दोन्ही जमलं की चहा. बाविसाव्या वर्षी धरलेला हा नेम त्यांनी चौसष्टीपर्यंत एक दिवस चुकवला नाही. निलंगा डेपोत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, पण मुक्कामी गाडीवर असले तरी नांदेडच्या नाहीतर कंधारच्या बसस्टँडवर ही कवायत व्हायचीच. एकदा एका ड्रायव्हरनं विचारलं, "अप्पा, काय मोजून राहिलात सकाळी सकाळी?"

"पावलं," अप्पा म्हणाले आणि चहाला गेले. खरं उत्तर त्यांना देता आलं नसतं. आज आलं का, एवढंच ते बघायचे.

येणाऱ्याला गावात नाव होतं, 'निटुऱ्यांचं भोवंड'. आजोबा सपाट रानातून चालता चालता गरगरले आणि विहिरीत गेले. वडिलांची आधी नजर गेली, मग तोल गेला, मग ते चार वर्षं बाजेवर होते. पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांना लिंगायत रीतीप्रमाणे बसवून समाधी दिली तेव्हा मान एका बाजूला पडत होती, ती धरून ठेवायला थोरल्या मुलाला सांगितलं. थोरला मुलगा म्हणजे गुरुपादप्पा. वय बावीस. बापाची थंड मान दोन्ही हातात धरून बसल्या बसल्या त्यांच्या मनात एकच हिशेब झाला, की आता पुढचा नंबर माझा.

गावकऱ्यांनी याला कारणही शोधून ठेवलं होतं. पणजोबांनी एका स्वामींना दारातून उपाशी परत पाठवलं, त्याचा हा शाप. घरानं त्यापायी काय काय केलं! मठात दासोह म्हणून अन्नदान घातलं, रुद्राभिषेक केले, दाराची दिशा बदलली. ते बिचारे स्वामी पुढच्या दारात पोटभर जेवले असतील आणि निटुऱ्यांना विसरूनही गेले असतील, पण निटुरे काही त्यांना विसरले नाहीत.

या शापाला म्हणे एक पळवाट होती. शाप घराण्याचा, आणि दिलेली लेक परक्या घराण्याची. उंबरा ओलांडला की ती सुटली. म्हणून वडील गेल्यावर वर्षाच्या आत सोळा वर्षांच्या बहिणीला, पार्वतीला, कंधारला देऊन टाकलं. पाठवणीच्या वेळी अव्वानं, म्हणजे आईनं, तिच्या दोन्ही पायांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाली, "आता तू त्यांची. आमचं आमच्यापाशी राहू दे." पोरगी धाय मोकलून रडत होती आणि घरातले सगळे मनातून खुशीत होते. तिघांतलं एक तरी वाचलं. गुरुपादप्पांना तर बहिणीचा थोडा हेवाही वाटला. पुढं तो आठवला की त्यांना लाज वाटायची.

स्वतःपुरता त्यांनी वेगळा मार्ग काढला. लग्नच करायचं नाही. मागं बायकापोरं नसली की भोवंडाला पुढं जायला वाटच नाही. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. औशाच्या शाळेत महानंदा नावाच्या बाई होत्या. रोज सकाळच्या गाडीनं जायच्या, पुढून दुसऱ्या बाकावर बसायच्या आणि ओळखीच्या असूनही रोज पास काढून दाखवायच्या. बघायची गरज नसायची, तरी गुरुपादप्पा रोज तो नीट बघायचे. दोन वर्षं असं चाललं. मग बाईंचे वडील स्वतः घरी आले, जमातीतलेच होते, कशातच अडचण नव्हती. गुरुपादप्पांनी पाय धरले आणि म्हणाले, "भावाचं बघायचं हाय. मला सवड न्हाई." पुढं सात-आठ वर्षांनी त्याच गाडीत बाई एका पोराला घेऊन चढल्या. गुरुपादप्पांनी एक फुल आणि एक हाफ तिकीट फाडलं. त्या दिवशी उरलेल्या फेरीत त्यांनी तीनदा चुकीचे पैसे परत दिले.

लोकांना वाटलं, धाकट्या भावासाठी त्याग केला. शंकरप्पाचं लग्न अव्वाच्या हट्टापायी झालं. एकानं तरी घरात दिवा लावायला पाहिजे, असं ती म्हणायची. रविकिरण झाला. आणि मग शंकरप्पा छत्तिसाव्या वर्षी झोकांड्या खाऊ लागला.

एक गोष्ट गुरुपादप्पांना आयुष्यभर छळत आली, ती याच दिवसांतली. शंकरप्पा लातूरला त्यांच्याच गाडीत चढला. उभ्यानं येताना एका बाईच्या अंगावर गेला, मग एका म्हाताऱ्याच्या. गाडीत ओरडा झाला, "दारुड्याला उतरवा!" लिंगायताचं पोर, आयुष्यात थेंब न शिवलेलं. शंकरप्पानं दांडा धरून भावाकडं बघितलं. गुरुपादप्पांना सगळं ठाऊक होतं. पण ते भोवंड भर गाडीत, पन्नास माणसांदेखत उभं राहिलेलं त्यांना बघवेना. दारू बरी वाटली त्यापेक्षा. त्यांनी घंटी मारली, गाडी थांबली आणि भावाला औसा मोडवर खाली उतरवलं. मागच्या काचेतून तो रस्त्याकडेला फतकल मारून बसलेला दिसला. संध्याकाळी कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून तो घरी आला.

"अण्णा, मी पीत न्हाई," एवढंच तो म्हणाला.

"माहीत हाय," गुरुपादप्पा म्हणाले.

यापलीकडं दोघं कधी बोलले नाहीत. दोन वर्षांत शंकरप्पा गेला. रविकिरणला आणि त्याच्या आईला गुरुपादप्पांनीच सांभाळलं. पण रिटायर झाल्यावरही एसटीत बसले की ते एकदाही मागच्या काचेकडं वळून बघायचे नाहीत.

गेल्या वर्षी रविकिरणच्या डोळ्यासमोर काळे ठिपके नाचायला लागले. वय एकतीस, बाजारपेठेत मोबाईलचं दुकान, पदरात चार वर्षांची मुलगी. लातूरच्या डोळ्याच्या डॉक्टरनं भिंगातून बघितलं, पुन्हा बघितलं आणि विचारलं, "घरात अजून कुणाची नजर गेलीय का?" गुरुपादप्पांच्या हातातली पिशवी खाली पडली. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना डॉक्टरनं पहिल्यांदाच विचारला होता. आधीच्यांनी चष्म्याचा नंबर नाहीतर व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या होत्या.

तिथून त्यांना लातूरच्याच मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं मनस्विनी नावाची नांदेडची एक मुलगी भेटली. आनुवंशिक आजार असलेल्या घरांना समजावून सांगणं हेच तिचं काम. तिनं आजाराचं लांबलचक परदेशी नाव सांगितलं आणि म्हणाली, सगळे व्हीएचएल म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. डोळ्यात, मेंदूत, मूत्रपिंडात, त्याच्यावरच्या ग्रंथीत गाठी होतात. आईकडून किंवा बापाकडून येतो. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. वेळेत सापडलं की गाठ लहान असतानाच काढता येते, डोळा वाचवता येतो, माणूस वाचवता येतो. मग ती म्हणाली, "रविकिरणच्या रक्तात नेमकी चूक कुठं आहे ते आता सापडलंय. त्यामुळं बाकीच्यांची तपासणी सोपी. रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांची यादी करा."

यादी! गुरुपादप्पांच्या अंगात जुना कंडक्टर संचारला. शाप म्हणून ज्याच्यापुढं तीन पिढ्यांनी हात टेकले होते त्याला नाव निघालं होतं, तपासणी निघाली होती. लग्नाच्या पत्रिका वाटायला भावकीची यादी करतात तशी त्यांनी घरं ओळीनं लावली. चुलते, चुलतभाऊ, त्यांची पोरं, आणि घरात असलेल्या दोन बिनलग्नाच्या मुली. अकरा माणसं. कुणाच्या हातापाया पडले, कुणाला दम दिला, एकाला तर नांगरावरून उठवून आणलं. सगळ्यांना निलंग्याहून लातूरच्या गाडीत बसवलं आणि दारात उभं राहून डोकी मोजली. तीन आठवड्यांनी निकाल आले. अकरात चार जणांना होतं. चौघांच्याही गाठी अजून वाटाण्याएवढ्या होत्या.

मनस्विनी मात्र यादी घेऊन विचारात पडली होती. "काका, या यादीत बायका दोनच कशा? आणि दोघीही लग्न न झालेल्या?"

"बाकीच्या दिल्या की," गुरुपादप्पा म्हणाले.

"म्हणजे आहेत ना?"

"हायत. पण त्यांचा आता आमच्या घराण्याशी काय संबंध?"

ती हसली नाही, याचं त्यांना नंतर बरं वाटलं. तिनं कागदावर वडिलांच्या खाली दोघा भावांच्या दोन रेघा काढल्या आणि शेजारी पेन थांबवलं. "लग्नात आडनाव बदलतं, काका. रक्त तेच राहतं. तुम्हाला सख्खी बहीण आहे?"

गुरुपादप्पांना आधी पारूचा डावा डोळा दिसला. दहा वर्षांपूर्वी गेलेला. चुलीच्या धुरानं गेला म्हणून सासरच्यांनी सांगितलं आणि माहेरच्यांनी ऐकून घेतलं. पार्वतम्मा भोवंडातून सुटलेली होती, तिच्या डोळ्याकडं त्या नजरेनं कुणी बघितलंच नव्हतं.

"तिला मूल आहे का?" मनस्विनीनं विचारलं.

"एक मुलगी. अक्षरा. वैशाखात लग्न हाय तिचं."

मनस्विनीनं पेन खाली ठेवलं. मग सावकाश सांगितलं, की काही जणांना पोटातल्या ग्रंथीत गाठ होते, तिच्यामुळं एकाएकी रक्तदाब चढतो, दरदरून घाम येतो, छाती धडधडते. बाहेरून काहीच दिसत नाही. पण अशी गाठ असताना मुलीला दिवस गेले आणि कुणाला माहीत नसलं, तर बाळंतपणात आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. "लग्नाआधी तपासणी झाली पाहिजे, काका. तुम्हीच सांगा त्यांना."

आणि अकरा माणसांना ओढून आणणारा हा माणूस बहिणीला एक फोन करू शकला नाही. एक महिना गेला, दोन गेले, तिसरा लागला. उदगीरचं स्थळ, मुलगा संगमेश बँकेत, पत्रिका छापून आलेल्या. मामा म्हणून मुलीला मांडवात आणायचा मान त्यांचाच. एका वाक्यानं सगळं मोडलं असतं. फोन हातात घेतला की त्यांना अव्वानं पारूच्या पायावर ओतलेलं पाणी दिसायचं. झोपेत वडील यायचे, मान एका बाजूला पडलेली, आणि काही न बोलता कंधारच्या दिशेनं चालायला लागायचे. गुरुपादप्पा त्यांना हाका मारायचे, पण ते थांबायचे नाहीत.

मग एक दिवस पार्वतम्माचाच फोन आला. पत्रिकेतल्या नावांचं बोलता बोलता ती सहज म्हणाली, "अक्षराला आजकाल मधूनच लई घाम सुटतो, अण्णा. डोस्कं ठणकतं, छाती धाडधाड उडती. घटकाभरानं आपोआप थांबतं. लग्नाची धास्ती घेतली पोरीनं. ताईत बांधलाय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गुरुपादप्पा कंधारला गेले.

पार्वतम्मा ओसरीत बसून लग्नाच्या शेवया वाळत घालत होती. एका डोळ्यानं बघायचं म्हणून मान जरा तिरकी करून. अण्णा न कळवता आले म्हणून ती आधी घाबरली, मग पाणी आणायला उठली. "बस," गुरुपादप्पा म्हणाले आणि त्यांनी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. रविकिरणचं, अकरा जणांचं, डोळ्याचं, घामाचं. सांगताना ते शेवयांकडं बघत होते.

तिनं मान तिरकी करून चांगला डोळा त्यांच्याकडं वळवला. म्हणाली, "म्हंजे मला सोडवलंच न्हाई व्हय तुमी?"

"न्हाई, पारू."

"सोळा वर्साची व्हते मी. साळा सोडून दिली. सुटले सुटले म्हणून अव्वा मरस्तोवर खुश व्हती." तिचा आवाज चढला. "आन् तुला हे कधीपासून ठावं?"

"तीन महिने झाले."

"तीन महिने! पोरीच्या पोटातलं तू तुझ्या पोटात ठिवलं!" तिनं शेवयांची काठी फेकून दिली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. गुरुपादप्पांना वाटलं, तिनं आपल्याला दोन मुस्काडीत तरी मारायला हव्या होत्या.

अक्षरा आतल्या दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. नायगावला शाळेत शिकवते, सव्वीस वर्षांची, उंच, अंगानं काटकुळी. तिनं कुणालाही काही न विचारता मोबाईल उचलला, अंगणात गेली आणि संगमेशशी बोलली. दहा मिनिटांनी परत आली तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं.

"काय म्हणला?" आईनं विचारलं.

"काहीच न्हाई म्हणला. ठेवून दिला." मग ती मामांकडं वळली. "मामा, तुमचं काय निघालं?"

"कशाचं?"

"रक्ताचं. सगळ्यांना नेलं ना तुम्ही. तुमचं काय आलं?"

गुरुपादप्पा टोपी काढून हातात फिरवायला लागले. "मी दिलं न्हाई. चौसष्ट झाले आता. मला काय करायचंय?"

"मग मी पण देत न्हाई," अक्षरा म्हणाली. "तुम्ही द्या, मग मी देते."

पोरीला वाटलं, मामा भितात. भीतच होते ते, पण तिला वाटलं त्या गोष्टीला नाही. मनस्विनीनं त्यांचे डोळे तपासून घेतले होते, पोटाचे, डोक्याचे फोटो काढून घेतले होते, आणि खुशीत म्हणाली होती, "या वयापर्यंत काहीच नाही म्हणजे बहुतेक तुम्हाला नसेलच, काका. रक्त दिलं की पक्कं होईल." त्या दिवशी जिना उतरताना त्यांना पहिल्यांदा खरोखरच गरगरलं होतं. आहे असं धरून ते बेचाळीस वर्षं जगले होते. नसलं तर?

पण पोरगी अडून बसली होती. तिघंही लातूरला गेले आणि तिघांनी रक्त दिलं. अक्षराच्या पोटाचा फोटो त्याच दिवशी काढला.

निकालाच्या दिवशी मनस्विनीनं तिघांना बसवलं आणि दार लोटून घेतलं. पार्वतम्माला होतं. अक्षरालाही होतं. उजव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ दिसत होती. घाबरू नका, मनस्विनी म्हणाली, आधी काही दिवस गोळ्यांनी रक्तदाब ताब्यात आणायचा, मग ऑपरेशन, ती पूर्ण निघते. लग्न त्यानंतर करायचं, मुलंबाळंही त्यानंतर, डॉक्टरच्या देखरेखीत. न कळता लग्न झालं असतं तर मात्र अवघड होतं. पार्वतम्मानं लेकीचा हात घट्ट धरून ठेवला होता.

मग मनस्विनीनं तिसरा कागद उघडला आणि तिच्या तोंडावर हसू आलं. "काका, तुम्हाला नाही."

"काय न्हाई?"

"व्हीएचएल नाही. तुमच्या वडिलांकडून ते तुमच्यात आलंच नाही. कधीच नव्हतं."

गुरुपादप्पांनी कागद हातात घेतला. "परत बघा."

"दोनदा बघितलंय."

"नळी बदलली असंल. गर्दी असती तुमच्याकडं."

"नाही हो काका. तुमचंच रक्त आहे. तुम्ही सुटलात."

ते उठले आणि बाहेर पॅसेजमधल्या बाकड्यावर जाऊन बसले. आणि मग त्यांना रडू फुटलं. बाप गेला तेव्हा आलं नव्हतं, भाऊ गेला तेव्हा आलं नव्हतं, ते सगळं एकदम. मोठ्यांदा, तोंड उघडं टाकून ते रडत होते. केसपेपरच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. एका बाईनं दुसरीला सांगितलं, कुणी तरी गेलं वाटतं यांचं.

"आमच्यापायी नको रडू, अण्णा," पार्वतम्मा पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "सापडलंय न्हवं वेळंत. तू आलास म्हणून सापडलं." ती गोळ्यांची चिठ्ठी घेऊन खिडकीकडं गेली.

अक्षरा त्यांच्याशेजारी बसून राहिली. त्यांचं रडणं ओसरल्यावर म्हणाली, "संगमेश काल आला होता. तीन आठवडे फोन न्हाई, काही न्हाई, अन् एकदम दारात. म्हणला, तारीख पुढं ढकलू. मी म्हणले, नीट विचार कर, पुढं काय काय निघंल सांगता येत न्हाई. तो म्हणला, केला विचार."

"आन् तू?" गुरुपादप्पांनी टोपीनं डोळे पुसले. "तुला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय की. लई वाटतंय." तिनं मामांकडं बघितलं. तिच्या मनात काहीच नव्हतं, तिनं आपलं सरळ विचारलं. "पण भ्या वाटतंय म्हणून लग्न करायचंच न्हाई व्हय, मामा?"

खिडकीशी कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला. गुरुपादप्पांनी हातातल्या कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"करायचं, बाळा," ते म्हणाले. "करायला पायजे व्हतं."